आधी कागदावर, मग ओट्यावर

स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती कपाटांच्या दारांच्या रंगाची. फिकट हिरवा घ्यायचा की राखाडी, चकचकीत घ्यायचा की मॅट, हँडल हवं की नको. डिझायनरही पहिल्या भेटीत लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवतो. त्यात ओट्यावर लिंबांची परडी असते, खिडकीतून ऊन येत असतं आणि खरकटं भांडं कुठेच नसतं. चित्र पाहून घरातले खूश होतात आणि आगाऊ रक्कम दिली जाते.

खरं तर कपाटांची दारं ही स्वयंपाकघरातली सगळ्यात सहज बदलता येणारी गोष्ट. आठ-दहा वर्षांनी कंटाळा आला तर सांगाडा तसाच ठेवून नुसती दारं बदलता येतात. ओट्याची उंची, सिंकची जागा, भिंतीतल्या तारा, सांडपाण्याच्या पाइपाचा उतार हे मात्र पुन्हा तोडफोड केल्याशिवाय बदलत नाही. म्हणून या प्रकरणाचं सूत्र एवढंच: जे भिंतीत आणि फरशीखाली जाणार आहे त्याचा निर्णय आधी, जे डोळ्यांना दिसणार आहे त्याचा शेवटी. आपल्याकडची बहुतेक कामं बिघडतात ती हा क्रम उलटा झाल्यामुळे.

उभ्यानं करायचा स्वयंपाक

उभ्यानं स्वयंपाक करण्याची सवय आपल्याकडे फार जुनी नाही. चूल जमिनीवर, पाटावर बसून विळीवर भाजी चिरायची, बसूनच भाकरी थापायची, वाटण पाट्यावर. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीनं मुंबईत सिलिंडरमधला गॅस घरगुती वापरासाठी आणला. पुढच्या काही दशकांत गॅसची शेगडी शहरांतून गावांत पोचली आणि तिच्यासोबत कडप्प्याचा ओटाही. कामं उभ्यानं होऊ लागली, पण ती ज्या भांड्यांत आणि ज्या पद्धतीनं व्हायची ती भांडी आणि पद्धती तशाच राहिल्या. आपल्या ओट्याच्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथे आहे.

युरोपात स्वयंपाकघराच्या आखणीचा विचार आधी झाला होता. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्झ्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. जागा जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या भोजनडब्यात इतक्या कमी जागेत इतक्या लोकांचं जेवण कसं होतं, याचा त्यांनी अभ्यास केला. स्वयंपाक करताना किती पावलं पडतात, हात कुठवर पोचतो, हे मोजून कप्पे, फळ्या आणि सिंक यांच्या जागा ठरवल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बांधली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची सुरुवात इथे सापडते.

त्या स्वयंपाकघरावर टीकाही झाली. एक बाई तिथे भराभर काम करी, पण दुसरी आत आली की दोघींनाही हलता येत नसे. शुट्टे-लिहोत्झ्की यांनी पुढे स्वतःच सांगितलं की, ते स्वयंपाकघर आखलं तोवर त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं आणि स्वयंपाकही केला नव्हता. मोजमाप अचूक होतं. वापरणाऱ्यांकडून मिळायला हवी होती ती माहिती अपुरी होती.

डिझायनरला काय सांगायचं

तुमचा डिझायनरही कदाचित स्वयंपाक करत नसेल. त्यानं काही बिघडत नाही, पण मग माहिती देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. पहिल्या भेटीला जाताना इंटरनेटवरची चित्रं न्यायची असतील तर न्या, पण त्याआधी एक यादी करा. रोज स्वयंपाक कोण करतं आणि त्यांची उंची किती? एका वेळी ओट्याशी किती जण असतात? पोळ्या घरी होतात की पोळ्यांना मावशी येतात? भांडी सिंकमध्ये घासली जातात की ड्राय बाल्कनीत? गहू-तांदूळ वर्षाचे भरता की महिन्याचे? लोणच्याच्या बरण्या, पापड-कुरडयांचे डबे, सोऱ्या, पुरणयंत्र, वर्षातून एकदाच निघणारं मोठं पातेलं, हे सगळं आज कुठे असतं? देवघर स्वयंपाकघरातच राहणार का?

मग टेप घ्या आणि भांडी मोजा. सगळ्यात मोठ्या परातीचा व्यास, मोठ्या कुकरची झाकणासकट उंची, कढईची कानांसकट रुंदी, सगळ्यात उंच डबा. ही मापं हाती आली की खणांच्या उंचीबद्दलचे अर्धे वाद मिटतात. दोन भांड्यांचं सिंक चित्रात छान दिसतं, पण त्याच्या एकेका भागात सोळा इंची परात आडवी बसत नाही. ती तिरकी धरून घासावी लागते आणि पाणी पोटावर येतं. आपल्या घरांत बहुधा एकच मोठं, आठ-नऊ इंच खोल सिंक आणि शेजारी भांडी निथळायला हातभर जागा जास्त उपयोगी पडते. ही निथळायची जागा आराखड्यातून हमखास राहून जाते. मग नव्याकोऱ्या ग्रॅनाईटवर पंचा पसरून त्यावर भांडी पालथी घालावी लागतात.

डिझायनर तुम्हाला 'वर्क ट्रँगल' म्हणजे कामाच्या त्रिकोणाबद्दल सांगेल. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रूढ झालेली ही कल्पना: फ्रिज, सिंक आणि शेगडी ही त्रिकोणाची तीन टोकं. प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट असावी आणि तिन्हींची बेरीज तेरा ते सव्वीस फुटांत बसावी. नियम उपयोगी आहे, पण आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात त्रिकोण आपोआपच लहान होतो. तिथे खरा प्रश्न असतो तो सलग मोकळ्या ओट्याचा. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये निदान अडीच-तीन फूट मोकळा ओटा मिळतोय का, ते पाहा. भाजी चिरणं, पीठ मळणं, पोळी लाटणं, मिक्सर लावणं ही सगळी कामं याच पट्ट्यात होतात.

डिझायनरकडून मागायचं ते थ्रीडी चित्र नव्हे, आराखडे. वरून पाहिलेला नकाशा, प्रत्येक भिंतीचं समोरून रेखाटन, पाणी आणि विजेच्या जागा दाखवणारा वेगळा कागद, आणि सगळ्यांवर मापं. कामाच्या जागी गवंडी, प्लंबर आणि वायरमन हेच कागद पाहून कामाला हात घालतात. मानधनही सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्या. कुणी एकूण खर्चाच्या टक्केवारीनं घेतं, कुणी ठरावीक रक्कम. टक्केवारी असेल तर खर्च वाढला की मानधनही वाढतं. दुकानदाराकडून कमिशन घेता का, हे सरळ विचारावं. प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

उंचीचं गणित

ओट्याची उंची ठरवण्याची सोपी पद्धत अशी. जी व्यक्ती जास्त वेळ स्वयंपाक करते तिनं नेहमीच्या चपला घालून किंवा अनवाणी सरळ उभं राहावं आणि कोपर काटकोनात दुमडावं. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावे. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण अडतीस इंचांवर येतं. म्हणजे ओटा बत्तीस ते चौतीस इंच. पाच फूट सहा इंचवाल्यांना तोच हिशेब पस्तीस-सदतीसवर नेतो, आणि चार फूट दहा इंचांच्या सासूबाईंना तीस-बत्तिसावर. अमेरिकेतल्या ओट्यांची रूढ उंची छत्तीस इंच आहे. तिथल्या चित्रांवरून केलेला ओटा आपल्याकडच्या अनेक बायकांना खांदे उचलून काम करायला लावतो.

घरात उंच आणि बुटकी अशी दोन्ही माणसं स्वयंपाक करत असतील तर मधलं माप काढू नये. ते दोघांनाही त्रासाचं होतं. मुख्य ओटा जास्त वेळ उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या मापाचा करावा आणि दोन-अडीच फुटांचा एक तुकडा तीन-चार इंच खाली घ्यावा. पीठ मळताना आणि पोळी लाटताना वरून भार द्यावा लागतो, त्यामुळे खालचा ओटा त्या कामांना सोयीचाच पडतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते. ओट्यात बसवायचा हॉब जवळपास ओट्याच्या पातळीत असतो. म्हणजे शेगडी की हॉब हे ठरल्याशिवाय ओट्याची उंची ठरवता येत नाही. छत्तीस इंची ओट्यावर शेगडी, तिच्यावर उंच पातेलं आणि त्यात डाव, असं झालं की हात खांद्याच्या वर जातो.

पाणी, वीज, गॅस

आता भिंतीच्या आत जाऊ. सिंक खिडकीखाली हलवावं अशी हौस अनेकांना असते. हलवता येतं, पण सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो. चाळीस इंचांमागे साधारण एक इंच. सिंक दहा फूट सरकवलं तर पाइप तीन इंच खाली उतरायला हवा. ते तीन इंच फरशीखाली मिळत नसतील तर पाइप खालच्या कपाटांच्या मागून न्यावा लागतो आणि कपाटांची खोली कमी होते. उतार न देता रेटलेला पाइप वर्षभरात तुंबतो. इमारतीत राहत असाल तर खालच्या घराचाही विचार करा: तुमचं सिंक त्यांच्या झोपायच्या खोलीवर येणार असेल तर तो विचार सोडलेलाच बरा.

विजेचा हिशेब प्रत्येकानं स्वतः करावा असा सोपा आहे. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर. आपल्याकडे २३० व्होल्ट. ६ ॲम्पिअरच्या सॉकेटमधून १,३८० वॅट आणि १६ ॲम्पिअरच्या सॉकेटमधून ३,६८० वॅटपर्यंत वीज घेता येते. ७५० वॅटचा मिक्सर लहान सॉकेटवर चालतो. इंडक्शनची शेगडी २,००० वॅटची असते, तिला मोठंच लागतं. इंडक्शन आणि ओव्हन एकाच तारेवर दिले आणि दोन्ही एकदम चालले तर तार तापते. म्हणून जड उपकरणांना वितरण पेटीपासून वेगळी तार आणि वेगळा एमसीबी. ओल्या हातांनी काम होणाऱ्या या खोलीला ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी असायलाच हवं. गळती होताच ते वीज तोडतं. मिक्सर, वॉटर प्युरिफायर, फ्रिज, चिमणी, मायक्रोवेव्ह, पंखा आणि कपाटाखालचे दिवे यांच्या जागा मोजून सॉकेट ठरवा आणि दोन जास्तीची ठेवा.

दिव्यांची एक चूक जुन्या घरांत हमखास असते. ट्यूब खोलीच्या मध्ये किंवा मागच्या भिंतीवर असते, आपण ओट्याकडे तोंड करून उभे राहतो आणि आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते. वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावली की हा प्रश्न सुटतो. पण तिची तार टाइल्स लागायच्या आधी भिंतीत गेलेली असायला हवी.

चिमणी घेताना खोक्यावरच्या शोषणक्षमतेच्या आकड्यापेक्षा तिचा पाइप बाहेर कसा जातो ते बघा. प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक जास्तीच्या फुटावर ओढ कमी होते. खिडकीच्या वर बहुधा तुळई असते, आणि आरसीसीच्या तुळईला किंवा खांबाला भोक पाडायचं नाही, हा नियम कुठल्याही सोयीसाठी मोडायचा नाही. मग पाइप तुळईच्या खालून जाणार आणि वरच्या कपाटांची उंची त्याप्रमाणे बदलणार. म्हणजे चिमणीचा निर्णयही कपाटांच्या आधीचा.

गॅसच्या बाबतीत एक शास्त्रीय फरक माहीत असावा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. त्यामुळे सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल तर त्या कपाटाला खाली, जमिनीलगत जाळी हवी. पाइपचा गॅस असेल तर खोलीच्या वरच्या भागात हवा जायला वाट हवी. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीच्या पातळीच्या खाली. पाइप गॅसचा मीटर किंवा नळी हलवायची असेल तर ते काम गॅस कंपनीच्या माणसांकडूनच करून घ्यावं, आणि त्यासाठी अर्ज काम सुरू होण्याआधी द्यावा, नाहीतर बाकी सगळं तयार होऊन शेगडी पेटायची राहते.

दगड आणि प्लाय

ओट्याचा दगड निवडताना आपण काय खातो ते आठवावं. कडप्पा हा चुनखडीचा दगड, संगमरवरातही चुनाच. लिंबू, चिंच, आमसूल यांतलं आम्ल चुन्याशी रासायनिक क्रिया करतं आणि पृष्ठभाग खातं. आमटीत आमसूल घालणाऱ्या घरात संगमरवरी ओटा वर्षभरात डागाळतो तो याच कारणानं. ग्रॅनाईट सिलिकेट खनिजांचा असतो, घरातल्या आम्लांचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि गरम कढई टेकवली तरी तो सहसा बिघडत नाही. क्वार्ट्झच्या तयार लाद्या देखण्या असतात, पण त्यांत दगडाचा चुरा रेझिननं बांधलेला असतो आणि रेझिनला उष्णता सोसत नाही. तवा, कढई, कुकर थेट ओट्यावर उतरवायची सवय असेल तर ग्रॅनाईटच बरा. पांढरे ओटे सुंदर दिसतात, हळदीशी त्यांचं जमत नाही.

कपाटांचं आयुष्य दिसणाऱ्या सनमायक्यावर अवलंबून नसतं, आतल्या फळीवर असतं. पार्टिकल बोर्ड पाणी लागलं की फुगतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. साधा प्लाय आयएस ३०३ या मानकाखाली येतो. सिंकखाली आणि ओट्याखाली आयएस ७१० मानकाचा, म्हणजे ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात तो वापरावा. या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटत नाहीत ना, हे तपासलं जातं. प्लायच्या शीटवर आयएसआयचा शिक्का असतो आणि त्याखाली परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. माल घरी उतरला की सनमायका चढायच्या आधी शिक्का बघा, नंतर तो झाकला जातो. पैसे वाचवायचेच असतील तर वरच्या कोरड्या कपाटांत हलका प्लाय चालेल.

तसंच बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल. भरलेल्या डब्यांचा खण दिवसातून वीस वेळा ओढला जातो. चॅनेल किती किलोचा भार घेतं ते विचारून घ्या. जाळ्या आणि टोपल्या स्टीलच्या असतील तर ३०४ श्रेणीचं स्टील घ्या. त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, म्हणून ते ओलाव्यात गंजत नाही. कोपऱ्यातून फिरत बाहेर येणाऱ्या महागड्या टोपल्यांची गरज आहे का, हेही पाहावं. वर्षातून चारदा लागणारी भांडी साध्या खोल कोपऱ्यातही सुखानं राहतात.

कामाचा क्रम आणि पैशाचा क्रम

आराखडे पक्के झाले, उपकरणं निवडून त्यांची मापं हाती आली, सोसायटीला लेखी कळवून कामाच्या वेळा ठरल्या की मगच हातोडा. त्यानंतरचा क्रम असा: तोडफोड आणि राडारोडा हलवणं, भिंतीत चर पाडून पाणी आणि विजेच्या लाइनी, पाण्याच्या लाइनीला दाब देऊन गळती तपासणं, ओल्या भागाचं वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून ठेवून त्याची चाचणी, प्लास्टर आणि त्यावर आठवडाभर पाणी मारणं, फरशी, ओटा, टाइल्स, रंगाचा पहिला हात, कपाटं, चिमणी आणि गॅस, शेवटचा रंग. चर बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तेच कामाला येतात.

कारखान्यात बनणाऱ्या कपाटांची अंतिम मापं ओटा आणि टाइल्स झाल्यावरच घ्यायची. जुन्या घरांच्या भिंती काटकोनात नसतात. अर्ध्या इंचाचा फरक टाइल लागल्यावर कळतो. 'वेळ वाचवू' म्हणून आधीच मापं दिली की शेवटी फटी आणि पट्ट्या येतात.

मुहूर्त निवडताना पंचांगाबरोबर पाऊसही पाहा. दमट हवेत प्लास्टर आणि रंग वाळायला वेळ लागतो, लाकूड ओल धरतं. दिवाळीआधीच्या महिन्यात सगळ्यांनाच घाई असते आणि होळीला, दिवाळीला अनेक कारागीर गावी जातात. काम चालेल तेवढ्या काळासाठी गॅलरीत एक इंडक्शन, एक बादली आणि मोजकी भांडी असं तात्पुरतं स्वयंपाकघर मांडून ठेवा. धान्याचे डबे पिशव्यांत बांधून धुळीपासून दूर ठेवा.

पैशाच्या बाबतीत, 'इतके रुपये रनिंग फूट' या एका ओळीवर होकार देऊ नका. त्यात प्लायचं मानक, लॅमिनेटची जाडी, बिजागऱ्या आणि चॅनेलची जात, टोपल्या, दगड, राडारोड्याची वाहतूक आणि १८ टक्के जीएसटी धरलाय की नाही, हे लिहून घ्या. हप्ते तारखांना बांधू नका, कामाच्या टप्प्यांना बांधा: लाइनी झाल्या, ओटा झाला, सांगाडे बसले, दारं बसली. शेवटचा दहा टक्के हप्ता हातात ठेवा आणि तिथे पंधरा दिवस रोजचा स्वयंपाक झाल्यावर द्या. सिंकखालची गळती, न मिटणारं दार, आवाज करणारा खण हे त्या पंधरा दिवसांतच कळतं. अंदाजपत्रकाच्या दहा-पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवा, कारण जुन्या टाइल्सच्या मागे काय निघेल हे तोडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

चांगला डिझायनर तुमची हौस भागवतो, त्याहून चांगला तुम्हाला प्रश्न विचारतो. परात केवढी, पोळ्या कोण करतं, सिलिंडर की पाइप, हे ज्यानं पहिल्या भेटीत विचारलं नाही त्याच्याकडे दुसऱ्या भेटीला जाण्याची घाई करू नका. आणि ज्या व्यक्तीला तिथे रोज तीन-चार तास उभं राहायचं आहे, तिची सही आराखड्याच्या प्रत्येक कागदावर घ्या. पैसे कोणीही देत असो, शेवटचा शब्द तिचा.